फाशी सुनावल्यानंतर काय होतं?

21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या सर्व 12 जणांना निर्दोष सोडलं. त्यातल्या पाच जणांना मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने 2015 मध्ये फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयाने कबुलीजबाब ग्राह्य धरले नाहीत, ओळख परेड नियमाला धरून झाली नाही असं म्हटलं आणि बऱ्याच दिवसांनी पुढे आलेल्या साक्षीदारांवर भरवसा ठेवला नाही. पाचांपैकी एक जण 2021 मध्ये तुरुंगवासातच वारला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे या निकालाचा आधार दुसऱ्या खटल्यांत घेता येणार नाही असा आदेश झाला, पण सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही.

त्या दिवशी दोन प्रकारची वाक्यं सगळीकडे ऐकू आली. एक, 'वर्षानुवर्षं अपिलंच चालतात, मग न्याय कसा मिळणार?' दुसरं, 'बघा, अपील होतं म्हणून निरपराध माणसं वाचली.' दोन्ही बोलणाऱ्यांचं एका गोष्टीवर एकमत असतं: आपल्याकडे फाशीच्या कैद्याला भरपूर अपिलं मिळतात. ते मोजायला गेलं तर खरंच आहे. पण प्रत्येक पायरीवर नेमकं काय तपासलं जातं हे पाहिलं, की चित्र बदलतं. पहिल्या पायरीनंतर तपासणी अरुंद होत जाते आणि खालच्या न्यायालयात जे कागदावर आलंच नाही, ते वर कुणाला दिसत नाही.

पायऱ्या आधी पाहून घेऊ. सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी ती तशीच अमलात येत नाही. उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते. आरोपीने अपील केलं नाही तरी हे प्रकरण उच्च न्यायालयात जातंच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 366 यासाठी होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 407 आहे. किमान दोन न्यायमूर्तींनी ते ऐकावं लागतं. तिथे फाशी कायम झाली तर सर्वोच्च न्यायालयात अपील, ते फेटाळलं तर पुनर्विलोकन याचिका, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा अशी विनंती, मग क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे तीही फेटाळल्यावर चूक दुरुस्त करण्याची शेवटची विनंती. त्यानंतर राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे दयेचा अर्ज.

यातली खरी पायरी पहिली. फाशी कायम करताना उच्च न्यायालयाने सगळा पुरावा नव्याने, मुळापासून तपासायचा असतो. खालच्या न्यायाधीशांचं मत बाजूला ठेवून, आरोपीच्या वकिलाने जो मुद्दा मांडला नाही तोही पाहायचा. गरज वाटली तर आणखी पुरावा घ्यायचा अधिकारही आहे. कायद्याने इतकी मोठी जबाबदारी दुसऱ्या कुठल्या टप्प्यावर टाकलेली नाही.

पण लोकल स्फोटांच्या खटल्यात 2015 ला सुनावलेल्या फाशीची ही तपासणी प्रत्यक्षात सुरू व्हायला जुलै 2024 उजाडला. तेव्हा स्वतंत्र खंडपीठ नेमलं गेलं, सलग सुनावणी झाली आणि जानेवारी 2025 अखेर ती संपलीसुद्धा. म्हणजे ऐकायला सहा-सात महिने पुरले, ऐकणारं खंडपीठ मिळायला जवळजवळ नऊ वर्षं गेली. ज्या त्रुटींवर बोट ठेवून उच्च न्यायालयाने निकाल फिरवला, त्या काही नव्याने सापडल्या नव्हत्या. त्या 2015 मध्येही त्याच कागदपत्रांत होत्या. या स्फोटांत 180 हून अधिक प्रवासी गेले. त्यांच्या घरच्यांना एकोणीस वर्षांनी कळलं की गुन्हेगार कोण हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. ही फसवणूक त्यांचीही आहे, आणि ती लांबलेल्या अपिलाच्या फार आधी, तपासातच झाली.

काही कायद्यांत तर ही पहिली पायरीच काढून टाकलेली होती. टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याखाली झालेल्या शिक्षेवर थेट सर्वोच्च न्यायालयात अपील व्हायचं, उच्च न्यायालय मध्ये नाहीच. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला तसाच चालला.

आता शिक्षेच्या प्रश्नाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळ्यात मोठं दुखणं इथे आहे. माणूस दोषी आहे की नाही, हा एक प्रश्न. दोषी असेल तर त्याला जन्मठेप द्यायची की फाशी, हा अगदी वेगळा प्रश्न. 1980 च्या बच्चन सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मताने फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण अट घातली: जन्मठेप हा नियम, फाशी केवळ दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणात. आणि ते ठरवताना फक्त गुन्हा पाहायचा नाही, गुन्हेगारही पाहायचा. त्याचं वय, बालपण, मानसिक अवस्था, तो सुधारण्याची शक्यता. सुधारणा अशक्य आहे हे सरकारने दाखवायचं.

हे सगळं न्यायाधीशांना कोण सांगणार? आरोपीचा वकील. इथेच गाडी अडते. दोषी ठरवल्याचा निकाल सकाळी आणि शिक्षेवरचा युक्तिवाद त्याच दुपारी, किंवा फार तर दोन-चार दिवसांत, असं कितीतरी खटल्यांत घडतं. वकील उभा राहतो आणि म्हणतो: आरोपी तरुण आहे, गरीब आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत, दया करावी. रोजनाम्यात तेवढंच येतं. तो लहानपणी कुठे वाढला, त्याच्यावर काय गुदरलं, डोक्याला मार लागला होता का, कधी मानसोपचार झाले का, शाळा केव्हा सुटली, तुरुंगात तो कसा वागतो, याची चौकशी करायला कुणी त्याच्या गावी गेलेलं नसतं. मग उच्च न्यायालयात तेच चार शब्द जातात, सर्वोच्च न्यायालयातही तेच. वरचे न्यायाधीश कितीही संवेदनशील असले तरी समोर नसलेली माहिती ते वाचणार कशी?

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने फाशीच्या कैद्यांशी आणि त्यांच्या कुटुंबीयांशी बोलून 2016 मध्ये एक अहवाल काढला. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. उच्च न्यायालयात आपली बाजू मांडणाऱ्या वकिलाला तीनांपैकी दोघांहून अधिक कैद्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. मला या अहवालातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लागली. जिवाचा निवाडा चालू आहे आणि ज्याचा जीव आहे तो आपल्या वकिलाला ओळखत नाही. त्यात भाषेची भर. आपल्याकडे सत्र न्यायालयातली साक्ष बहुतेक मराठीत होते. ती सर्वोच्च न्यायालयात इंग्रजी होऊन पोहोचते, आणि तुरुंगात बसलेल्या माणसाला तिथे काय बोललं गेलं ते निकाल आल्यावर कुणीतरी समजावून सांगतं तेव्हा कळतं.

सर्वोच्च न्यायालयाने हे दुखणं ओळखलेलं आहे. मे 2022 मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात त्याने सांगितलं की फाशी मागणाऱ्या सरकारने आरोपीची मानसिक तपासणी, कौटुंबिक पार्श्वभूमी, तुरुंगातलं वर्तन ही माहिती सत्र न्यायालयातच द्यावी आणि आरोपीलाही आपली बाजू मांडायला पुरेसा अवधी मिळावा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षेवरच्या सुनावणीसाठी एकसारखे नियम करण्याचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे पाठवण्यात आला. पण तोपर्यंत ज्यांची फाशी जुन्या पद्धतीने कायम होऊन गेली होती, त्यांचं काय?

हा प्रश्न नागपूरच्या एका कैद्यामुळे पुढे आला. 2008 मध्ये चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून केल्याबद्दल त्याला फाशी झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती कायम केली, 2017 मध्ये पुनर्विलोकन फेटाळलं, पुढे राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही नाकारला. सगळ्या पायऱ्या संपल्या. आणि तरी 25 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या कलम 32 खाली, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट तिथे जाण्याच्या अधिकाराखाली, त्याची याचिका घेतली, दोष कायम ठेवला, पण 2022 च्या निकालानुसार शिक्षेचा विचार झालाच नव्हता म्हणून त्या प्रश्नावर नव्याने सुनावणी व्हावी असा आदेश दिला. गुन्ह्याचं वर्णन वाचवत नाही इतका तो भयंकर आहे. त्या मुलीच्या आईवडिलांना हा आदेश कसा वाटला असेल याची कल्पना मला करता येते. तरीही आदेश बरोबर आहे असंच मला वाटतं. शिक्षा ठरवायची रीत एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरी असेल, तर कुणी जगायचं हे निकालाच्या तारखेवरून ठरेल.

तसं आधी घडलेलं आहे. 1996 मध्ये राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी म्हटलं की शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप महत्त्वाचं, गुन्हेगार नव्हे. बच्चन सिंग निकालाच्या हे सरळ विरुद्ध होतं. तरी तेरा वर्षं हा निकाल दाखला म्हणून वापरला गेला. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच कबूल केलं की तो चुकीचा होता. तोवर त्या खटल्यातला कैदी आणि त्या निकालाच्या आधारावर फाशी झालेला आणखी एक जण, दोघेही फासावर गेले होते. 2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना लिहून विनंती केली की या चुकीच्या निकालाच्या आधारे फाशी झालेल्या आणखी तेरा जणांची शिक्षा बदलावी.

त्या चुकीच्या निकालाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये महाराष्ट्रातल्या सहा जणांची फाशी ठरवली होती. हा खटला नीट समजून घेण्यासारखा आहे.

जून 2003 मधली घटना. एका शेतातल्या वस्तीवर रात्री दरोडा पडला, एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, बाईमाणसांवर अत्याचार झाले. पकडलेले सहाही जण भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी दिली. तीन न्यायालयांनी तपासलं आणि दोषाबद्दल तिन्ही न्यायालयांचं एकमत.

नंतर निघालं की त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. म्हणजे कायद्याने त्याला फाशी देताच येत नव्हती. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, अपिलं पुन्हा ऐकली आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय? वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंमधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. ती माणसं ना आरोपी झाली, ना त्यांचा पुढे तपास झाला. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांच्या चुकांची चौकशी करायला सांगितली. सोळा वर्षं गेली होती. ज्या कुटुंबातली पाच माणसं मारली गेली, त्यांच्या मारेकऱ्यांचा माग काढायची वेळही तेव्हाच निघून गेली होती.

फोटो ओळखल्याची गोष्ट 2019 मध्ये कुणी शोधून आणली नाही. ती पहिल्यापासून कागदपत्रांत होती. तीन न्यायालयांतून ती तशीच पुढे सरकली. अपिलाच्या पायऱ्या किती आहेत हे सांगून निश्चिंत होणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल मिळवून वाचावा.

वयाचा मुद्दा आणखी एका खटल्यात आला, पुण्याच्या. 1994 मध्ये एकाच घरात सात जणांचा खून झाला. राजस्थानातून आलेल्या एका आरोपीला 1998 मध्ये फाशी झाली आणि 2000 मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. मार्च 2023 मध्ये त्याच न्यायालयाने शाळेच्या नोंदीवरून मान्य केलं की घटनेच्या वेळी तो बारा वर्षं सहा महिन्यांचा होता. अठ्ठावीस वर्षं तो तुरुंगात होता. त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर इतकी वर्षं जागच्या जागी होतं. ते पाहायला खटल्याच्या वेळी कुणी गेलं नाही. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी शिक्षा कायम झाल्यावरही काढता येतो, अशी बाल न्याय कायद्यात तरतूद आहे. ती नसती तर हा माणूस सुटला नसता.

पुनर्विलोकन आणि क्युरेटिव्ह या पुढच्या पायऱ्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण त्यांत फार काही तपासलंच जात नाही. 2014 पर्यंत फाशीच्या पुनर्विलोकन याचिकाही न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचं न ऐकता निकाली निघत. सप्टेंबर 2014 मध्ये घटनापीठाने ठरवलं की निदान फाशीच्या प्रकरणात त्या खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींसमोर ऐकाव्यात. त्यासाठी अर्धा तास पुरे, असंही निकालात म्हटलं. क्युरेटिव्ह याचिका अजूनही सहसा दालनातच ठरते. 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनच्या बाबतीत क्युरेटिव्ह ऐकायला योग्य न्यायमूर्ती बसले होते का, यावरच मतभेद झाला. न्या. कुरियन जोसेफ यांनी प्रक्रिया चुकली असं म्हटलं, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते अमान्य केलं. शेवटची सुनावणी 30 जुलै 2015 च्या पहाटे तीननंतर सुरू झाली आणि काही तासांतच नागपूर तुरुंगात फाशी झाली. फाशीचा वॉरंट मात्र क्युरेटिव्ह याचिका दाखल व्हायच्या आधीच निघालेला होता.

दयेचा अर्ज हे अपील नव्हे. तिथे दोषी कोण हे ठरत नाही, राज्यघटनेच्या कलम 72 आणि 161 खाली राष्ट्रपती आणि राज्यपाल दया दाखवू शकतात. व्यवहारात निर्णय सरकारच्या सल्ल्याने होतो, त्यामुळे फाईल गृहखात्यात फिरते. उशीर होतो तो इथेही, आणि तो कैद्यामुळे होतो हा समज अनेकदा खोटा ठरलेला आहे.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींना 2001 मध्ये फाशी झाली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कायम झाली. त्यांच्या दयेच्या अर्जांवर निर्णय व्हायला 7 वर्षं 10 महिने 15 दिवस लागले. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईसाठी मुख्यतः राज्य सरकारला जबाबदार धरलं आणि फाशीची जन्मठेप केली. पुण्यातल्या 2007 च्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खुनातल्या दोघांचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी 2017 मध्ये फेटाळला, पण सत्र न्यायालयाचा वॉरंट निघाला एप्रिल 2019 मध्ये. दोन वर्षं फक्त कागद निघायला. उच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये त्यांची शिक्षा 35 वर्षांच्या कैदेवर आणली, डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आणि राज्यांना दयेच्या अर्जांसाठी गृहखात्यात स्वतंत्र कक्ष उघडायला सांगितलं.

उशीर झाला म्हणून फाशी का टळावी, असं रागाने विचारलं जातं. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा कैद्यांची फाशी मुख्यतः याच कारणाने बदलली, तेव्हा त्याचं कारण स्पष्ट केलं. फाशी यार्डातला माणूस प्रत्येक दिवशी उद्याचा विचार करत असतो. सरकारने विनाकारण ही अवस्था वर्षानुवर्षं लांबवली, तर ती न्यायालयाने न दिलेली दुसरी शिक्षा होते. हे मला पटतं. पण त्याची दुसरी बाजूही खरी आहे: ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या हाती शेवटी काय येतं, तर कुठल्या टेबलावर फाईल किती दिवस पडून होती याचा हिशेब.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 472 ने या उशिरावर मुदतीचा उपाय केला आहे. शेवटचं अपील फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून 30 दिवसांत दयेचा अर्ज करायचा, राज्यपालांनी नाकारला तर 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे. एकाच खटल्यातल्या सगळ्यांचे अर्ज एकत्र ठरवायचे. ही शेवटची गोष्ट चांगली आहे, कारण उत्तर प्रदेशातल्या एकाच गुन्ह्यातल्या तिघांपैकी एकाची फाशी न्यायालयाने बदलली आणि दुसरा 1981 मध्ये फासावर गेला, तिसऱ्याच्या वेळी ही विसंगती न्यायालयाच्या लक्षात आली. पण केंद्राला राष्ट्रपतींकडे शिफारस करायला 60 दिवस दिलेले असताना राष्ट्रपतींच्या निर्णयाला मुदत नाही. शिवाय या निर्णयाविरुद्ध कुठेही अपील नाही आणि तो कसा घेतला याची न्यायालयात चौकशी होणार नाही, असं कलमात लिहिलं आहे. उशिरामुळे किंवा महत्त्वाचे कागद न पाहता अर्ज फेटाळल्यामुळे न्यायालयाने हस्तक्षेप केल्याची इतकी उदाहरणं असताना ती वाट बंद करू पाहणं मला धोक्याचं वाटतं. मूलभूत हक्कांसाठी कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, तो साध्या कायद्याने काढून घेता येत नाही.

2023 च्या अखेरीस देशात फाशी सुनावलेले 561 कैदी होते. सत्र न्यायालयांनी सुनावलेल्या फाशीपैकी शेवटपर्यंत टिकते ती अगदी थोडी. 2000 ते 2015 या काळात ते प्रमाण शंभरात जेमतेम पाच होतं. बाकीच्यांपैकी कुणाची शिक्षा बदलली, कुणी निर्दोष सुटलं. शंभरातल्या पंचाण्णव वेळा खालचा निर्णय वर टिकत नसेल, तर दुरुस्ती वर नव्हे, खाली हवी. चांगला वकील, तपासाचे कागद नीट पाहणारा न्यायाधीश आणि शिक्षेवर बोलायला वेळ, हे सत्र न्यायालयातच मिळायला हवं.

तुमच्या ओळखीत, गावात असं एखादं कुटुंब असेल तर त्यांना एवढं जरूर सांगा. तुरुंगात असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. जिल्हा न्यायालयातच त्याचं कार्यालय असतं. सत्र न्यायालयाच्या फाशीवर उच्च न्यायालयात अपील करायची मुदत 30 दिवस आहे. वकील कोण आहे हे विचारा, त्याला कैद्याला भेटायला सांगा. शाळेचा दाखला आणि जन्माची नोंद, जुन्या उपचारांचे कागद, रेशन कार्ड, तुरुंगातून आलेली पत्रं, तिथे घेतलेल्या शिक्षणाची प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि त्यांच्या प्रती सत्र न्यायालयातच, शिक्षा सुनावण्याआधी, वकिलामार्फत दाखल करायला लावा. दयेचा अर्ज कैद्याच्या नातेवाइकांनाही करता येतो. तो केल्याची पोच घ्या, त्यावरची तारीख पाहा आणि ती वकिलाला कळवा.